हिशेबाची चावी कोणाच्या हातात?

(घरगुती उद्योग करणाऱ्या महिलांसाठी सोलापुरात झालेल्या मार्गदर्शन शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली दहा-बारा वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबांसाठी आणि कामांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो. त्यामुळे नात्यातल्या, मोहल्ल्यातल्या बायका मला एकच प्रश्न विचारतात, ‘‘भाईजान, धंद्याच्या हिशेबासाठी कोणते ॲप घेऊ?’’ आज इथेही तोच प्रश्न चिठ्ठ्यांवर आला आहे. शिवणकाम करणाऱ्या, शेंगाचटणी आणि मसाले विकणाऱ्या, डबे देणाऱ्या, शाळेचे गणवेश शिवून देणाऱ्या अशा सगळ्यांचा तो प्रश्न आहे.

मी एका ॲपचे नाव सांगून खाली बसू शकतो. पण त्याने तुमचे काम होणार नाही. ॲप येतात आणि जातात. कंपनी बंद होते, विकली जाते, फुकटचे पैशांचे होते. हिशेब मात्र टिकावा लागतो. जीएसटी नोंदणी असलेल्याने वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून पुढे ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, आपली कागदपत्रे जपून ठेवावी लागतात. आज मोबाइलवर घेतलेले ॲप सहा वर्षांनी त्याच फोनवर, त्याच रूपात असेल याची खात्री कोण देणार? म्हणून ‘कोणते ॲप’ याच्या आधी मला दुसरा प्रश्न विचारायचा आहे. हिशेब कोणाच्या नावाचा आहे आणि त्याची चावी कोणाच्या हातात आहे?

आधी गरज किती ते पाहू. पुष्कळ बहिणी जीएसटीचे सॉफ्टवेअर शोधत असतात आणि त्यांना जीएसटी लागूच नसतो. आपल्या महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी करावी लागते. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख आहे. गिऱ्हाइकाने कापड आणून दिले आणि तुम्ही ब्लाउज शिवून दिला, तर ती सेवा. तुम्ही स्वतः कापड आणून कुर्ता शिवला आणि विकला, तर ती वस्तू. दोन्ही करत असाल तर २० लाखांची मर्यादा धरायची.

यात एक मेख आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला, तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी घ्यावी लागते. काही हस्तकलेच्या वस्तूंना त्यातून सवलत आहे. आपल्याकडे हे फार सहज घडते. सोलापूरहून कलबुर्गी किंवा विजयपूर काही दूर नाही. तिथल्या दुकानदाराने चटणीची ऑर्डर दिली, तुम्ही एसटीने पार्सल पाठवले, की तुम्ही राज्याची हद्द ओलांडलीत. ऑनलाइन बाजारपेठांवर विकणाऱ्यांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आहे. मर्यादेच्या आत असाल आणि आपल्याच राज्यात माल विकत असाल, तर पूर्ण नोंदणीऐवजी पोर्टलवरून फक्त एक नावनोंदणी क्रमांक घेऊन काम चालते.

गरज नसताना, कोणी सांगितले म्हणून जीएसटी क्रमांक घेऊ नका. तो घेतला की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावे लागते. शून्याचे विवरणपत्र उशिरा भरले तरी दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागते. आणि नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी आकारताही येत नाही. एखादे ॲप बिलावर आपोआप ‘जीएसटी ५ टक्के’ छापत असेल आणि तुमची नोंदणी नसेल, तर ते बिल चुकीचे आहे. ती ओळ आधी बंद करा.

आता आयकर. छोट्या धंद्यासाठी कायद्याने एक सोपी वाट ठेवली आहे. १९६१च्या आयकर कायद्यात ती कलम ४४ एडी म्हणून ओळखली जात होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण वाट तीच आहे. उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा मानायचा. बँकेतून, यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के. समजा वर्षाची विक्री ९ लाख झाली. त्यातले ६ लाख यूपीआयने आले, ३ लाख रोख. सहा लाखांवर ३६ हजार, तीन लाखांवर २४ हजार, मिळून ६० हजार नफा धरला जातो. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. कमिशन किंवा दलालीच्या कामाला ही सोय नाही. आणि एकदा ही वाट धरून पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढची पाच वर्षे तिच्यावर परत येता येत नाही. तेव्हा सल्ला घेऊनच ठरवा.

या वाटेने जाणाऱ्यांना ‘सुगम’ नावाचे आयटीआर-४ विवरणपत्र भरता येते. ते आयकर खात्याच्या पोर्टलवर फुकट भरता येते, काही माहिती त्यात आधीच भरलेली असते. म्हणजे कर भरण्याचे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज बहुतेकींना नाही. जीएसटीच्या पोर्टलवरही विवरणपत्र तयार करण्याचे साधन मोफत आहे.

मग आपल्याला लागते काय? तीन गोष्टी. ऑर्डर लक्षात ठेवायला काहीतरी, पैसा नोंदवायला काहीतरी, आणि गरज पडेल तेव्हा बिल द्यायला काहीतरी. या तिन्हींसाठी एकच ॲप हवे असा हट्ट धरू नका.

ऑर्डरसाठी तुमच्यापैकी बहुतेक जणी व्हॉट्सॲप वापरताच. त्याचे बिझनेसवाले ॲप घेतले तर त्यात गप्पांना लेबले लावता येतात: नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण. ईदच्या आधीच्या आठवड्यात चाळीस जणींचे कपडे हातात असतात, तेव्हा ही लेबले फार कामाची. पण व्हॉट्सॲपच्या गप्पा म्हणजे हिशेब नव्हे. फोन हरवला की त्याही जातात.

पैशासाठी सुरुवात साध्या तक्त्याने करा. गुगल शीट्स घ्या, एक्सेल घ्या, किंवा संगणक असेल तर लिब्रेऑफिस कॅल्क घ्या, ते पूर्णपणे फुकट आहे. आठ रकाने पुरतात: तारीख, नाव, कशासाठी, आले, गेले, रोख की यूपीआय, बाकी, बिल क्रमांक. ज्यांना वही सोयीची वाटते त्यांनी हेच आठ रकाने वहीत आखावेत. वहीला मी कमी लेखत नाही. वही चार्ज करावी लागत नाही आणि ती कोणाला तुमच्या गिऱ्हाइकांचे नंबर पाठवत नाही.

या तक्त्यातून पहिली मिळकत काय होते, ते सांगतो. समजा महिन्याची विक्री ४० हजार. कच्चा माल २८ हजार. गॅस, पिशव्या, पार्सल मिळून ४ हजार. उरले ८ हजार. तुम्ही महिन्याचे २५ दिवस, रोज चार तास काम केले, म्हणजे शंभर तास. तासाला ८० रुपये पडले. हा आकडा समोर आला की भाव वाढवायचा का, कोणता माल बंद करायचा, कोणते गिऱ्हाईक परवडत नाही, हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. वेळ वाचवणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत, पण आपला वेळ किती गेला आणि तो काय भावाने गेला, हे दाखवणारा हा आठ रकान्यांचा तक्ता माझ्या मते सगळ्यांत आधी हवा.

तक्ता अपुरा पडू लागला, दिवसाला वीस-पंचवीस बिले होऊ लागली, जीएसटी लागू झाला, की हिशेबाचे सॉफ्टवेअर घ्या. बाजारात टॅली आहे, झोहो बुक्स आहे, व्यापार आहे, मुक्त स्रोताचे ग्नूकॅश आणि ईआरपीनेक्स्ट आहे. जीएसटीच्या यंत्रणेनेही दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीच्या छोट्या उद्योगांसाठी मोफत बिलिंग सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले होते. यातले कोणतेही घ्या, पण घेण्याआधी पाच गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, हिशेब बाहेर काढता येतो का? खोट्या दहा नोंदी करा आणि सगळा हिशेब एक्सेलच्या फाइलमध्ये उतरवून बघा. फक्त पीडीएफ मिळत असेल तर सावध व्हा. पीडीएफ वाचता येते, पण त्यातला हिशेब दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालताना सगळे हाताने लिहावे लागते. हिशेब बाहेर काढायला पैसे मागत असतील, तर ते आजच कळलेले बरे. भाड्याच्या घरात जाताना आपण दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघतो, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट, दर बदलला तर काय होते? २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले, हे तुम्हाला आठवत असेल. १८०० रुपयांच्या तयार ड्रेसवर आदल्या दिवशीपर्यंत १२ टक्के होता, त्या दिवसापासून ५ टक्के झाला. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये नवा दर तारखेपासून लागतो आणि जुनी बिले जुन्या दरानेच राहतात. कच्च्या सॉफ्टवेअरमध्ये दर बदलला की मागची बिलेही बदलतात. एक नमुना बिल करा, दर बदला, आणि जुने बिल पुन्हा उघडून बघा. पाच मिनिटांचे काम आहे.

तिसरी गोष्ट, खोडाखोड दिसते का? कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदलले याची नोंद राहिलीच पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. घरगुती धंद्याला तो लागू नाही. पण तुमच्या दुकानाचे ॲप दोन-तीन जण उघडत असतील, तर ही सोय मागून घ्या. भांडण होण्यापेक्षा नोंद असलेली बरी.

चौथी गोष्ट, बिल कोणते निघते? जीएसटी नोंदणी असलेल्याचे कर-बिल वेगळे, नोंदणी नसलेल्याचे साधे बिल वेगळे. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी कंपोझिशन योजना आहे. त्यात माल बनवणारा किंवा विकणारा उलाढालीवर १ टक्का कर स्वतःच्या खिशातून भरतो. त्याला गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. त्याच्या बिलाला बिल ऑफ सप्लाय म्हणतात. तुम्ही ज्या प्रकारात बसता त्याचे बिल निघाले पाहिजे. आणि मराठीत निघाले तर दुधात साखर.

पाचवी गोष्ट, ॲप कशाकशाची परवानगी मागते? बिल बनवणाऱ्या ॲपला तुमच्या सगळ्या संपर्कांची आणि एसएमएसची काय गरज, हे विचारा. परवानगी नाकारून ॲप चालते का ते बघा. गिऱ्हाइकाने आपल्याला नंबर दिला तो कपड्याचे माप कळवायला. तो नंबर अमानत आहे. फुकटच्या ॲपमध्ये ‘लगेच कर्ज घ्या’ अशा सूचना येऊ लागल्या, तर ते ॲप पोट कशावर भरते, हे समजून घ्या.

आता मूळ मुद्द्यावर येतो. या पाचही कसोट्यांना उतरलेले सॉफ्टवेअर घेतले आणि ते मुलाच्या नंबरवर, नवऱ्याच्या ईमेलवर, किंवा सल्लागाराच्या कार्यालयाच्या नावावर उघडले, तर सगळे वाया जाते.

माझ्या ओळखीच्या एक आपा आहेत. घरी चार मशीन, दोन मुली मदतीला. जीएसटी नोंदणी त्यांच्याच नावाची. पण नोंदणी करताना सल्लागाराने मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा दिलेला. खात्याची सूचना आली ती त्याच्याकडे, ओटीपी जाणार तो त्याच्याकडे. पुढे त्याच्याशी संपर्क तुटला आणि आपांना आपल्याच नोंदणीत शिरता येईना. यावर उपाय आहे. आत शिरता येत असेल तर पोर्टलवरच नोंदणीतील दुरुस्तीचा अर्ज करून नंबर-ईमेल बदलता येतो. येत नसेल तर आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे कागदपत्रे घेऊन गेले की तो बदल करून मिळतो. आपांना दोन फेऱ्या पडल्या, पण काम झाले. सल्लागार ठेवा, त्याचा सल्ला घ्या, त्याची फी द्या. पण नंबर तुमचा, ईमेल तुमचा, पासवर्ड तुमच्या वहीत.

याहून खोल गोष्ट क्यूआर कोडची आहे. तुमच्या मशीनशेजारी चिकटवलेला क्यूआर कोणाच्या खात्याचा आहे? पुष्कळ घरांत तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा असतो. त्यात कोणाची वाईट नियत असते असे नाही. फोन त्यांच्याकडे होता, खाते त्यांचे होते, म्हणून झाले. पण परिणाम काय होतो बघा. जीएसटीची उलाढाल पॅननुसार मोजतात. तुमची विक्री त्यांच्या खात्यात, त्यांच्या धंद्याच्या पैशात मिसळते. तीन लाख तुमचे की त्यांचे, हे कोणालाच सांगता येत नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या कर्नाटकात यूपीआयने जमा झालेल्या रकमांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. जमा झालेल्या पैशात विक्री किती, नातेवाइकांनी पाठवलेले किती, उसने परत आलेले किती, हे दाखवायला ज्यांच्याकडे नोंद नव्हती ते अडचणीत आले. घाबरून काहींनी यूपीआय घेणेच बंद केले. यूपीआय बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही. धंद्याचे खाते वेगळे आणि आपल्या नावाचे ठेवणे, हा उपाय आहे.

आणि उद्या तुम्हाला पाचवे मशीन घ्यायला मुद्रा कर्ज हवे असेल, तर बँक तुमच्या खात्यातली उलाढाल बघणार, तुमचे विवरणपत्र मागणार. दहा वर्षे तुम्ही शिवलेले सगळे कपडे दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले असतील, तर कागदोपत्री तुम्ही काहीच केलेले नाही. जनगणनेला माणूस येतो, विचारतो, बाई काय करतात? घरातून उत्तर जाते, ‘‘काही नाही, घरीच असते.’’ ते उत्तर बदलायचे असेल तर भाषणे पुरत नाहीत, नावाची नोंद लागते. उद्यम नोंदणी आधारवरून होते, फुकट होते, कागदपत्रे चढवावी लागत नाहीत. ती स्वतःच्या नावाने करा.

काही जणींनी चिठ्ठीत जकातीचे विचारले आहे. मी मौलाना नाही, मसला त्यांना विचारा. सॉफ्टवेअरपुरते बोलतो. धंद्याचा शिलकी माल, हातातली आणि बँकेतली रोकड, येणे असलेली उधारी, देणे असलेले पैसे हे सगळे जकातीच्या हिशेबाला एका ठरलेल्या तारखेचे लागते. आपले ते वर्ष चांद्र असते, रमजानच्या एखाद्या तारखेला पुरे होते, आणि ती तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. आयकराचे वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणून सॉफ्टवेअर घेताना एवढे बघा की कोणत्याही तारखेची शिल्लक आणि उधारी ते दाखवते का. फक्त मार्चअखेरची दाखवणारे असेल तर रमजानमध्ये पुन्हा वही घेऊन बसावे लागेल.

एक शंका नेहमी येते. ‘‘आम्हाला हे जमेल का? शिक्षण सातवीपर्यंतच.’’ ज्या बाईला सव्वादोन मीटर कापडात अस्तरासकट कुर्ता बसवता येतो, जी एका किलो शेंगदाण्यात किती लसूण, किती मिरची हे तोलून सांगते, तिला आठ रकाने जड नाहीत. मुलांना जरूर बरोबर घ्या. त्यांनी शिकवावे, बोट तुमचे चालावे. ‘मी करून देतो, तू राहू दे’ म्हणणाऱ्या मुलाला प्रेमाने सांगा, बेटा, तू पुण्याला नोकरीला गेलास की मी काय करू?

शेवटी, या आठवड्यात करायची कामे सांगतो आणि थांबतो. उद्या क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे ते बघा. आपल्या नावाचे वेगळे बचत किंवा चालू खाते नसेल तर बँकेत जाऊन उघडा. आयकर पोर्टलवर, आणि असेल तर जीएसटी पोर्टलवर, नोंदवलेला नंबर आणि ईमेल आपला आहे का ते तपासा. आठ रकान्यांचा तक्ता आजच्या तारखेपासून सुरू करा, मागचे राहू द्या. महिनाअखेर त्याच्या तीन प्रती ठेवा. एक फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक ईमेलवर किंवा बहिणीच्या घरी. तीन महिने हे चालले की मग ॲपचा विचार करा. तोवर आपल्याला नेमके काय हवे ते तुम्हालाच माझ्यापेक्षा चांगले कळलेले असेल.

चिठ्ठ्या अजून बऱ्याच आहेत. ज्यांनी फोन आणले आहेत त्यांनी जेवणानंतर मागच्या खोलीत यावे. तक्ता तिथेच आखू, आणि पहिली नोंद आजच्या विक्रीची करू.